अर्ली डिसिजनरावांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत अर्ली डिसिजनराव,
मुक्काम : अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांची अ‍ॅडमिशन ऑफिसं

सा. न. वि. वि.

आपली तब्येत ठणठणीत असेलच. दर वर्षी 1 नोव्हेंबरच्या मुहूर्तावर आपण बारावीतल्या मुलांच्या घरात शिरता, दीड महिना पाय पसरून मुक्काम ठोकता, डिसेंबरच्या मध्यावर घरादाराच्या तोंडचं पाणी पळवता आणि मग ऑफिसला कुलूप लावून नाताळच्या सुट्टीवर जाता. मागे घरात काय काय होतं ते आपल्याला दिसत नाही. ते कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्ही न्यू जर्सीतली मराठी माणसं तक्रारीत कुणाला हार जाणारी नाही. मराठी मंडळाच्या जेवणात मसालेभाताला मीठ कमी पडलं तरी दुसऱ्या दिवशी कमिटीला ईमेल जातात. पण आपल्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ज्यांचं काम झालं ते उपकाराखाली दबलेले असतात; ज्यांचं झालं नाही त्यांनी तोंड उघडायचं, तर कुठे झालं नाही हे आधी सांगावं लागतं. तेव्हा हा वाईटपणा मीच घेते.

पुण्या-नाशिकच्या वाचकांना आपली नीट ओळख नाही, ती आधी करून देते. इथल्या बारावीच्या पोराला कॉलेजात लवकर अर्ज करता येतो किंवा नेहमीच्या वेळेला. लवकरच्या अर्जाचा साधा प्रकार म्हणजे अर्ली अ‍ॅक्शन, आपला गरीब भाऊ. तो नुसता लवकर निकाल सांगतो, पोराला बांधून घेत नाही. आपण बांधून घेता. असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, त्यांनी घेतलं तर तिथे जायचंच, आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, हे मुलानं, पालकानं आणि शाळेच्या कौन्सेलरनं अशा तिघांनी सही करून द्यायचं. आमच्याकडे स्थळं बघतात तेव्हासुद्धा देण्याघेण्याची बोलणी आधी होतात, मग सुपारी फुटते. आपल्याकडे सुपारी आधी. मग मुलीकडच्यांनी आलेली बाकीची स्थळं स्वतःच्या हातानं परत पाठवायची. आणि खर्च किती, हे वरपक्ष सावकाश सांगणार.

तो खर्चही थोडाथोडका नाही. राहणं-जेवण धरून वर्षाला 90 हजार डॉलरच्या पुढचा आकडा सांगणारी कॉलेजं आता बरीच झाली आहेत. चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त झाले. ओक ट्री रोडवर भेंडी घेताना तीन दुकानांत भाव विचारणारी आमची माणसं या आकड्याखाली हसत हसत सही करतात, तेव्हा आपल्या कर्तबगारीला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. मदत पुरेशी मिळाली नाही तर सुटता येतं, असं आपल्या नियमांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मान्य. पण पुरेशी आहे की नाही हे पारखायला दुसऱ्या कॉलेजचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. आणि तो मार्च-एप्रिलशिवाय हातात येत नाही, याची व्यवस्था आपणच करून ठेवली आहे.

वर याला नाव कसलं, तर प्रेमाचं! आमचं कॉलेज तुमची पहिली पसंती आहे ना, मग सिद्ध करा, एवढंच तर आपण म्हणता. सतरा वर्षांचं पोर. पसंतीचा स्वेटशर्ट घेताना त्याचा अर्धा तास जातो, त्याला आपण ऑक्टोबरात आयुष्यातलं एकमेव प्रेम जाहीर करायला लावता, आणि ‘आमचंच कॉलेज का?’ यावर निबंध मागता. खरं उत्तर ‘बाबा म्हणाले’ हे असतं, पण त्यात शब्दमर्यादा भरत नाही.

निबंधांचं तर काय सांगू! अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध 650 शब्दांचा. त्यासाठी आमच्या एडिसन परिसरात आजोळच्या विहिरीचा एवढा उपसा झालाय की कोकणात पाण्याची टंचाई व्हावी. ज्या मुलांनी सुट्टीत आजोळी डासांमुळे चार दिवसांत परतीचं तिकीट काढायला लावलं, त्यांना निबंधात त्याच पडवीत जीवनाचा अर्थ सापडतो. शाळेबाहेरच्या प्रत्येक उद्योगाचं वर्णन 150 अक्षरांत बसवायचं असतं. आमच्या ढोल-ताशा पथकातला एक मुलगा दोन वर्षं टोल देतो, म्हणजे कधी येतो, कधी येत नाही. अर्जात तो चाळीस जणांच्या वादनसमूहाचं नेतृत्व करणारा, परंपरेचा जागतिक दूत झाला. गणपतीच्या मिरवणुकीत याला हाक मारून मारून थकलेले पथकप्रमुख, त्याचे आईवडील शिफारस मागायला आले तेव्हा गप्प बसले. त्यांची स्वतःची मुलगी अकरावीत आहे.

आता निकालाच्या संध्याकाळचं सांगते. गेल्या डिसेंबरातला आमच्याच घरातला देखावा आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. आपल्याकडे त्याची नोंद असेल.

निकाल पोर्टलवर संध्याकाळी सात वाजता. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच. सदाशिव पेठेत सासूबाई आंघोळ उरकून, देवापुढे निरांजन लावून व्हिडिओ कॉलवर बसलेल्या. फोन धरता येत नसल्यामुळे आम्हाला त्यांचं फक्त कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसत होता. ‘ऑफिसात आज काही काम नव्हतं’ असं म्हणत यजमान मॅनहॅटनहून दुपारचीच ट्रेन पकडून घरी आले होते. पेढे ओक ट्री रोडवरून आधीच आणून फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे दडवलेले, कुणाची नजर लागू नये म्हणून. साताला पाच मिनिटं असताना चिरंजीव लॅपटॉप घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

मग दाराबाहेर आम्ही दोघं आणि माझ्या हातात सासूबाईंचं कपाळ. सात वाजले. आतून आवाज नाही. सात वाजून दोन मिनिटांनी नळ सुरू झाला. यजमानांनी दाराला कान लावून विचारलं, ‘‘नळ कशासाठी सोडला असेल?’’ आनंदानं माणूस नळ सोडतो की दुःखानं, यावर आम्ही कुजबुजत वाद घातला. नळ बंद झाला, कडी निघाली आणि चिरंजीव म्हणाले, ‘‘डिफर्ड.’’

‘‘म्हणजे लागलं की नाही लागलं?’’ फोनमधून प्रश्न.

‘‘आई, आत्ता नाही सांगितलं. मार्चमध्ये सांगणार आहेत.’’

‘‘मग मला आज पाचला कशाला उठवलंत?’’

अर्ली डिसिजनराव, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असेल तर सासूबाईंना कळवा. पत्ता मी देते.

पोरानं नंतर वरण-भात दोनदा वाढून घेतला आणि मित्रांशी खेळायला खोलीत गेला. त्याच्या बाजूनं प्रकरण संपलं होतं. यजमानांनी मात्र पोर्टलवरचं कॉलेजचं पत्र छापून काढलं आणि पिवळा हायलायटर घेऊन डायनिंग टेबलाशी बसले. ‘‘हे बघ, असाधारण अर्जदार म्हटलंय.’’ मी म्हटलं, सगळ्यांनाच म्हणत असतील. ‘‘मग सहामाहीचे मार्क पाठवायला सगळ्यांना कशाला सांगतील? काहीतरी दिसलंय त्यांना याच्यात.’’ एमसीए झालेला, बँकेच्या सॉफ्टवेअरमधले दोष हुडकण्याचा पगार घेणारा माणूस एका छापील पत्रात रात्री साडेअकरापर्यंत स्वतःसाठी निरोप शोधत होता. पेढे त्यांनीच खाल्ले, गोठलेलेच.

आमच्या पिढीचं दुखणं आपल्याला कळायचं नाही. आम्ही यादीवर वाढलेली माणसं. सीओईपी असो, व्हीजेटीआय असो, बाहेर बोर्डावर यादी लागायची. गर्दीत कोपरं मारत पुढे जायचं, वरून खाली बोट फिरवायचं, आणि कुठे रेघ पडली ते उघड्या डोळ्यांनी दिसायचं. आपल्या वर कोण, खाली कोण, किती मार्कांनी, सगळं चव्हाट्यावर. ती पद्धत काही देवाघरची नव्हती. अर्ध्या मार्कानं आयुष्य बदललेली माणसं आम्ही पाहिली आहेत आणि क्लासवाल्यांचे बंगलेही पाहिले आहेत. पण निदान शिव्या घालायला एक आकडा असायचा. आपण तोही ठेवला नाहीत. समग्र मूल्यमापन केलं म्हणता, म्हणजे अख्खं पोर तोललं. त्यामुळे नाही म्हटलं की अख्खं पोरच कमी भरतं, आणि ते आम्ही वाढवलेलं असतं. आईबापाचा तोल जातो तो इथे.

एकदा तोल गेला की काय काय होतं! ज्यांना आपण हो म्हणता त्यांच्या पडद्यावर रंगीबेरंगी कागदांचा पाऊस पडतो आणि पंधराव्या मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बाप्पाच्या कृपेने आणि थोरांच्या आशीर्वादाने’ सुरू होतं. बाप स्वतःच्या छातीवर कॉलेजचं नाव लिहिलेला स्वेटशर्ट घालून शनिवारी पटेल ब्रदर्समध्ये कोथिंबीर निवडतो. हवा शून्याखाली असते, पण जाकिटाची चेन उघडी.

ज्यांना नाही म्हणता त्यांना एका रात्रीत ज्ञान होतं. तीन वर्षं ज्या कॉलेजचे गोडवे गायले तिथली थंडी, तिथली गुन्हेगारी आणि तिथला घसरलेला दर्जा यांचा पक्का अभ्यास सकाळपर्यंत झालेला असतो. आमचे एक स्नेही रटगर्समधून एमएस झाले. त्याच पदवीच्या जोरावर नोकरी, ग्रीन कार्ड आणि साउथ ब्रन्सविकला चार बेडरूमचं घर झालं. मुलाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं, म्हणजे पेननं, नाकारल्यावर म्हणाले, ‘‘आता रटगर्सला जावं लागणार. तिथे काय, कुणीही जातं.’’ रटगर्स 1766 सालचं आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधीचं. त्यानं यांना घेतलं तेव्हा ते चांगलं होतं.

तिसरी जमात संशोधकांची. यांना स्वतःच्या मुलाचा निकाल कळला की दुसऱ्यांच्या मुलांचा तपास लागतो. अमक्याच्या मुलीला कसं लागलं? आई तिथेच शिकलेली आहे ना, लेगसी. तमक्याच्या मुलाला? तलवारबाजी. 2023 च्या जूनमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार बंद करायला लावला, तेव्हा हीच मंडळी आता आपल्या मुलांना रान मोकळं म्हणून जिलबी वाटून मोकळी झाली होती. रान मोकळंच होतं; आत शिरणारे वाढले.

आणि मग जानेवारीत संक्रांत येते. मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा नेहमीच्या बायकांपैकी बऱ्याच जणी आल्या नाहीत. कुणाला सर्दी, कुणाचं काम. ज्या आल्या त्यांच्यात तिळगूळ घ्या आणि कुठे लागलं ते बोला, असा सोहळा चालला होता. एकीनं वाण हातात घेतलं आणि पर्स न उघडताच पार्किंगकडे चालू लागली. तिची मुलगी तेव्हा आपल्या दुसऱ्या अवताराच्या, म्हणजे अर्ली डिसिजन टूच्या रांगेत उभी होती. पहिल्या एकमेव प्रेमानं नाकारलं, तर जानेवारीत दुसरं एकमेव प्रेम जाहीर करायची सोय आपण ठेवली आहे. निकाल फेब्रुवारीत, व्हॅलेंटाईन डेच्या आसपास. आपल्याला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल?

क्वचित ही बुद्धी जरा जास्तच चालते. 2014 च्या डिसेंबरात जॉन्स हॉपकिन्सनं 294 मुलांना स्वागताचा ईमेल पाठवला. त्यांना आपल्याच फेरीत नाही म्हणून किंवा थांबा म्हणून सांगून झालं होतं. काही तासांत दिलगिरी आली. त्या 294 घरांत तेवढ्या वेळात कुणाकुणाला फोन गेले असतील, आणि नंतर ते कसे परत फिरवले असतील, याचा मी कधीकधी विचार करते. आपण करत नसाल.

आता जरा हिशेबाचं बोलू. आपण प्रेमाची भाषा बोलता, पण आपलं काम बोलावल्या मुलांपैकी किती येतील याची खात्री कॉलेजला मिळवून देणं एवढंच आहे. पेनसारख्या ठिकाणी वर्गाच्या साधारण निम्म्या जागा आपण डिसेंबरातच भरून टाकता. उरलेल्या निम्म्यांसाठी मार्चमध्ये सगळं जग भांडतं. 2001 साली जेम्स फॅलोजनं ‘द अटलांटिक’मध्ये आपली कुंडली मांडली. 2003 साली हार्वर्डच्याच प्राध्यापकांनी, अ‍ॅव्हरी आणि झेकहाउझर यांनी, अँड्र्यू फेअरबँक्स यांच्याबरोबर पुस्तक लिहून दाखवून दिलं की लवकर अर्ज करणं म्हणजे एसएटीत साधारण 100 गुण जास्त असल्यासारखं आहे. हे 100 गुण कुणाच्या पदरात पडतात? ज्याच्या घरात सप्टेंबरातच आपली माहिती आहे, ज्याच्या शाळेतल्या कौन्सेलरला वेळ आहे, आणि ज्याच्या बापाला भाव विचारायची गरज नाही, त्याच्या. ज्याला तो विचारावा लागतो त्याचं पोर हुशार असलं तरी मार्चच्या रांगेत.

आपल्याला एकदा हद्दपारही केलं होतं, विसरला नसाल. 2006 च्या सप्टेंबरात हार्वर्डनं लवकरचा प्रवेश बंद करायचं जाहीर केलं. तेव्हाचे हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक स्पष्ट म्हणाले की ज्यांचं आधीच चांगलं चाललंय त्यांचंच यात आणखी भलं होतं. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ. आता बाकीचे येतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. कुणी आलं नाही. बाकीच्यांनी उलट ती मुलं डिसेंबरातच उचलली. 2011 साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघांनीही लवकरची फेरी पुन्हा सुरू केली. बांधून घेणारी नाही, आपल्या त्या गरीब भावाची, पण त्यालाही दुसरीकडे लवकर जायचं नाही अशी अट घालून. सगळ्यांना पटलेली गोष्ट एकट्यानं केली की तोटा होतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्यावरच तर आपण उभे आहात.

आणि कुणी सही मोडलीच, तर? 2025 मध्ये टुलेन विद्यापीठानं आपला करार एका मुलानं पाळला नाही म्हणून कोलोरॅडोतल्या त्याच्या शाळेलाच वर्षभर या फेरीतून वगळल्याचं उघड झालं. म्हणजे ताईनं लग्न मोडलं म्हणून धाकटीला स्थळ नाही. हा न्याय आमच्याकडच्या जुन्या पंचायतींनाही ओळखीचा वाटला असता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 32 कॉलेजांवर आणि कॉमन अ‍ॅपवर केंद्रीय न्यायालयात दावा लागला. दावा करणाऱ्यांचं म्हणणं असं की कॉलेजांनी आपापसात ठरवून एकमेकांची मुलं पळवायची नाहीत आणि भाव वाढता ठेवायचा, हे स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. न्यायालय काय ते ठरवील. आपल्याला वकिलांची चिंता नसावी. ते आपल्याच फेरीतून शिकलेले असतात.

एक मात्र आपल्याला द्यायला हवं. हे सगळं आपण एकट्यानं केलं नाही. सातव्या इयत्तेपासून पोराला आपल्या नावानं घाबरवणारे, सल्लागारांना हजारो डॉलर मोजणारे, निकाल लागताच आपल्या लेकराचा चेहरा न बघता फोन हातात घेणारे कार्यकर्ते आपल्याला फुकट मिळाले. आपण ऑफिस बंद करून सुट्टीवर गेलात तरी घरोघरी आपलं काम चालू राहतं ते त्यांच्या जिवावर. तेव्हा गुन्हेगार म्हणून आपलं नाव वर घातलं असलं, तरी सहआरोपींची यादी लांब आहे आणि त्यातले पुष्कळ जण मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत.

कळावे, लोभ आहेच. तो वाढू नये ही विनंती.

आपली,
बारावी झालेल्या एका मुलाची आई
एडिसन, न्यू जर्सी

ता. क. : हे पत्र दुसऱ्याचं असूनही शेवटपर्यंत वाचणाऱ्या पालकांसाठी. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला 2011 पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. घरचं उत्पन्न आणि बचत भरली की तुमच्याकडून साधारण किती घेणार, तो आकडा तिथे कळतो. ऑक्टोबरात अर्ध्या तासाचं काम आहे. त्या आकड्याला चारनं गुणा, उत्तर पोराला दाखवा आणि मगच सही करा.